शैक्षणिक साधने : कपाटातून मुलांच्या हाती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त खापा येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



महोत्सव म्हटला की सत्कार, मिरवणूक, भोजन आणि स्मरणिका हे ओघाने येतेच. तथापि एखाद्या संस्थेचा महोत्सव साऱ्या देशाच्या शिक्षणविचाराला वळण देऊ शकतो, याचे एक उदाहरण खाप्यापासून फार दूर नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, वर्धा शहरातील मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव १९३७ साली होता. हेच विद्यालय पुढे नवभारत विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी तेथे देशभरातील शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. परिषदेच्या अखेरीस डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, श्रीकृष्णदास जाजू, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् दांपत्य अशी माणसे तीत होती. डिसेंबर महिन्यात समितीने अहवाल दिला आणि 'नयी तालीम' हे नाव देशाला परिचित झाले.

सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हाताने करावयाचा एखादा उत्पादक उद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू, ही त्या योजनेची सूत्रे होती. टकली ही त्या काळची सर्वांत स्वस्त शैक्षणिक सामग्री. समितीने सूतकताई व विणकाम यांचा अभ्यासक्रम तपशीलवार आखून दिला होता. मुलाने सूत काढावे, त्याची लांबी मोजावी, वजन करावे आणि लांबी-वजनाच्या नात्यातून सुताचा नंबर काढावा. हे करीत असताना तो गुणोत्तर शिकत असतो, आणि 'गुणोत्तर' हा शब्द त्याच्या कानी नंतर पडतो. कापूस कोणत्या जमिनीत पिकतो या प्रश्नातून भूगोल येतो आणि आपल्याकडचे कापड परदेशी का गेले, परदेशी कापड येथे का आले, या प्रश्नातून इतिहास येतो.

एवढा सखोल विचार असूनही ती योजना काही दशकांतच मागे का पडली? कारणे अनेक सांगितली जातात. वर्गाच्या चौकटीतून पाहिले तर एक कारण ठळक दिसते. जेथे टकली आली, पण टकलीतून गणित आणि भूगोल बाहेर काढणारा शिक्षक तयार झाला नाही, तेथे ती नुसती फिरत राहिली. मुलांच्या दृष्टीने तो सूतकताईचा एक कंटाळवाणा तास झाला. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचविला. वेळापत्रकात तोही आला आणि पुष्कळ ठिकाणी त्या तासाला दुसऱ्याच विषयाची राहिलेली उजळणी होऊ लागली.

हा इतिहास आज आठवण्याचे प्रयोजन असे, की टकलीच्या जागी आता संगणक, प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड आणि टॅब आले आहेत. साधन बदलले, पण त्यापुढील धोका मात्र तोच आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी शाळांना काय द्यावे, या प्रश्नाइतकाच दिलेली वस्तू मुलांच्या हाती कशी पोहोचेल, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

कपाटाची गोष्ट

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. त्यात प्लास्टिकच्या आवरणासह ठेवलेला पृथ्वीचा गोल, विज्ञानपेटी, एखादा सूक्ष्मदर्शक, मोजमापाची भांडी असतात. संगणक कक्ष असेल तर यंत्रांवर कापडी आच्छादने असतात. तपासणीच्या दिवशी हे सारे टेबलावर मांडले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात जाते. यासाठी शिक्षकांना आळशी ठरविणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही.

शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते. तिची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी ती मोजून द्यावी लागते. वस्तू फुटली तर खुलासा करावा लागतो आणि निर्लेखनाची प्रक्रिया किचकट असते. वस्तू वर्षभर कोणी वापरली नाही, तर मात्र कोणीही खुलासा मागत नाही. असा हिशेब असेल तेथे कोणताही सज्जन व प्रामाणिक माणूस कपाटाला कुलूपच लावील. भिंगाला ओरखडा पडू नये ही काळजी योग्यच आहे, पण त्या काळजीपोटी चाळीस मुलांच्या वाट्याला त्या भिंगातून पाहण्याचे चार-चार सेकंदच येतात, आणि पुष्कळदा शेवटच्या बाकावरच्या मुलीपर्यंत पाळी येण्याआधीच घंटा होते. वस्तू सुरक्षित राहते आणि जिज्ञासा कोमेजते. हे नुकसान कोणत्याही रजिस्टरात चढत नाही.

साधन हे झिजण्यासाठीच असते. पाटी झिजली म्हणजे तिच्यावर कोणी लिहिले. हे तत्त्व ज्यांनी ओळखले, त्यांनी महाराष्ट्रातच आणि अत्यंत तुटपुंज्या खर्चात केवढे काम उभे केले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

शिंपल्यांपासून काडेपेटीपर्यंत

ताराबाई मोडक यांचे वास्तव्य काही काळ अमरावतीस होते. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक होती, पण महाग होती. शहरातील मोजक्या मुलांनाच ती परवडणार. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती आणि बांबू हीच साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे भेद मूल शिंपले व बिया हाताळून शिकू लागले. शाळेत न येणाऱ्या मुलांकडे शाळाच जाऊ लागली. ती अंगणात भरली म्हणून 'अंगणवाडी' झाली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली म्हणून 'कुरणशाळा' झाली. साधन स्वस्त असल्यामुळे ते हरवण्याची भीती नव्हती आणि भीती नसल्यामुळे ते प्रत्येक मुलाच्या हाती होते.

विज्ञानाच्या बाबतीत असेच एक पाऊल जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे पडले. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या क्षेत्रीय कार्यांपैकी एक खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत झाले. केंद्राचे डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून एक मर्म पुढे आले. मुलांना विज्ञान अवघड वाटते, त्याला पुष्कळदा विज्ञानाची भाषा कारणीभूत असते. तोच आशय सोप्या, मुलांच्या बोलीजवळच्या मराठीत सांगितला तर आकलन वाढते. यातून असे लक्षात येते, की शिक्षकाची भाषा हेही एक साधनच आहे. ते विकत मिळत नाही आणि तेच बोथट असेल तर बाकीची सारी साधने मुकी राहतात.

अरविंद गुप्ता हे आय.आय.टी. कानपूरचे अभियंते. पुण्यातील मोटार कारखान्यात नोकरी करीत असताना १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेटीतील काड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पूल, छत आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का बांधतात, हे पाचवीच्या मुलाला बोटांच्या दाबातून कळते. २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी घडविली, त्यांच्या चित्रफिती व पुस्तके सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे दानशूर मंडळींनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही शोधिका ज्या 'पुलस्त्य' इमारतीत आहे, ती पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली. सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव आणि 'पुलं'ची आठवण एकाच शब्दात गुंफली गेली. देणगीदाराचे नाव राहिले आणि त्या नावाखाली मुलांचे हात चालू लागले.

फार दूर जावयास नको. नागपुरात महानगरपालिकेच्या शाळांतील मुले 'अपूर्व विज्ञान मेळाव्या'त बाटल्या, फुगे, मेणबत्त्या, चुंबक, आरसे अशा साध्या वस्तूंतून प्रयोग करून दाखवितात. तेथे मूल स्वतः समोर उभे राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास आपला प्रयोग समजावून सांगते. मोठमोठ्या खासगी शाळांची मुले ते ऐकतात. ज्या मुलाच्या घरी अभ्यासाचे टेबल नाही, ते मूल असे आत्मविश्वासाने बोलू लागले की साधनाचे मोल रुपयांत मोजता येत नाही. शहरातच १९९२ पासून रमण विज्ञान केंद्रही आहे. खाप्याच्या मुलांनी ते सहलीत पाहिलेच पाहिजे. मात्र वर्षातून एकदा बटण दाबून पाहणे निराळे आणि दर आठवड्याला स्वतः करून पाहणे निराळे.

यंत्रयुगाचा अनुभव

आता तंत्रज्ञानाकडे वळू. तंत्रज्ञानाने शिक्षण बदलेल ही आशा नवी नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवरील तिच्या शैक्षणिक कार्यक्रमांनी एका पिढीला आनंद दिला. २०१७ मध्ये ती संस्था बंद करण्यात आली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह भारताने सोडला आणि २०१० साली त्याचे कार्य संपले. उपग्रहाचे आयुष्य सहा वर्षांचे आणि शिक्षकाची सेवा तीस वर्षांची, हे प्रमाण खर्चाचे अंदाजपत्रक करताना विसरता कामा नये.

'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जगप्रसिद्ध योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा वाडीवरील शाळेत झाला. मुले यंत्राशी चटकन खेळू लागली, चित्रे काढू लागली, छायाचित्रे घेऊ लागली. मुलांना यंत्राचे भय नसते, हे तेथे सिद्ध झाले. परंतु याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने लक्षावधी लॅपटॉप वाटले, तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रशुद्ध मूल्यमापनात गणित व भाषा या विषयांतील प्रगतीवर परिणाम आढळला नाही. २०१५ मध्ये प्रगत देशांच्या ओ.ई.सी.डी. या संघटनेनेही असाच निष्कर्ष मांडला. ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केला, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञानातील गुणवत्तेत उल्लेखनीय वाढ दिसली नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा घेणे चुकीचे ठरेल. त्याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी या गावी मिळते. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती, एका बाजूस गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूस अडगळीची खोली होती. पाठ्यपुस्तकांतील धड्यांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय उघडे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या कथेतील क्यूआर कोडची चर्चा पुष्कळ झाली, पण त्याआधीची पायरी कमी सांगितली जाते. मुलींच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. तेव्हा या शिक्षकाने प्रथम स्वतः कन्नड शिकून घेतली. म्हणजे आधी मुलाची अडचण ओळखली, मग भाषा शिकली आणि शेवटी तंत्र आणले. हा क्रम उलटा केला की यंत्र मिरवले जाते आणि अडचण जेथल्या तेथे राहते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि तंत्रज्ञानाची खरी परीक्षा झाली. २०२१ सालच्या 'असर' सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. त्या घरांतीलही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. घरात फोन एकच असे आणि तो घेऊन वडील कामावर जात. घरात साधन आहे म्हणजे ते मुलाच्या हाती आहे असे होत नाही, हे येथे आकड्यांनी दाखविले. कपाटाचे कुलूप असे निरनिराळ्या रूपांत भेटते.

हाताचे काम आणि पडद्याचे काम

हात की पडदा, असा वाद घालण्याचे कारण नाही. दोहोंची क्षेत्रे वेगळी आहेत. हृदयातून रक्त कसे वाहते, पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ऋतू कसे होतात, ज्वालामुखी कसा उसळतो, समुद्राच्या तळाशी काय आहे, हे खाप्याच्या वर्गात हाताने करून दाखविता येणार नाही. तेथे पडद्यासारखा गुरू नाही. उलट वजन, उष्णता, ताण आणि घर्षण पडद्यावर जाणवत नाही. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही, आणि विज्ञान तर प्रयोग का फसला या प्रश्नापासून सुरू होते.

कधी कधी तंत्रज्ञानच हाताच्या मदतीस येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश यांनी २०१४ साली 'फोल्डस्कोप' हा घडी घालून बनविण्याचा कागदी सूक्ष्मदर्शक जगापुढे ठेवला. कागद आणि एक इवलेसे भिंग एवढ्यावर तो तयार होतो. तो मूल स्वतः जोडते आणि खिशात ठेवते. चाळीस मुलांच्या रांगेवरचा हा खरा तांत्रिक उपाय होय.

या विचाराची मुळे प्राचीन आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. जैन परंपरेतील या थोर गणितज्ञाने आरंभीच क्षेत्र, काळ, धान्य, सोने, रुपे यांच्या मोजमापांची परिभाषा दिली आहे. बाजारात, शेतात आणि सोनाराच्या दुकानात जे मोजले जाते, तेथूनच गणिताची वाट सुरू होते, हे त्यांनी जाणले होते.

खाप्याची स्वतःची प्रयोगशाळा

महावीराचार्यांची ही दृष्टी घेऊन खाप्याकडे पाहिले तर गावच एक प्रयोगशाळा दिसू लागते. गावाला कन्हान नदी आहे. काचेच्या बाटलीत नदीची वाळू, माती आणि पाणी घालून हलवावे व ठेवून द्यावे. खडे प्रथम बसतात, मग जाड वाळू, मग बारीक वाळू, आणि गाळ तर दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहतो. पुराच्या पाण्याने थर कसे रचले जातात, हा भूगोलाचा धडा एका बाटलीत मावतो.

जवळच मॉइलची गुमगावची मँगनीज खाण आहे. मँगनीजचा काळा दगड आणि नदीतला तेवढाच गोटा दोन हातांत घेतला की मूल चकित होते, कारण आकार सारखा असूनही काळा दगड कितीतरी जड लागतो. काठोकाठ भरलेल्या भांड्यात दोन्ही दगड एकेक बुडवून सांडलेले पाणी मोजावे, तराजूवर दगड तोलावेत आणि भागाकार करावा. घनता ही व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण ती तळहाताला कळलेली असते. मग शिक्षकांनी सांगावे, की टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते तीत मँगनीजचेच एक संयुग असते. गावाच्या खाणीचा आणि घरातल्या उजेडाचा असा संबंध कळला की रसायनशास्त्र परके वाटत नाही. सेल फोडून पाहण्याचा मोह मात्र मुलांना होऊ देऊ नये. ते चित्रफितीतच पाहावे. पडद्याचा योग्य उपयोग तो हाच.

खापा हे एकेकाळी हातमागाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव. माग पाहिलेली, ताणा-बाणा, फणी, धोटा, कांडी हे शब्द बोलणारी वडीलधारी माणसे ज्या घरांत असतील, ती घरे म्हणजे शिक्षणाची भांडारे आहेत. कापडाच्या तुकड्यावर भिंग धरून मुलाने एका इंचातील उभे धागे मोजावेत. समजा ते ६० भरले आणि कापडाचा पन्हा ४५ इंच आहे, तर ताण्यात २,७०० धागे लागले. मोजण्यापूर्वी प्रत्येकाने अंदाज लिहून ठेवावा. कोणी दोनशे लिहील, कोणी दहा हजार, आणि मग उत्तर सर्वांनाच विचारात पाडील. उभे व आडवे धागे म्हणजे आलेख कागदाचीच जाळी होय. माग चालताना दिसला तर मोबाइलवर धोट्याची संथ गतीची चित्रफीत घ्यावी, एका मिनिटातील फेऱ्या मोजाव्यात आणि वेग काढावा. आजोबांच्या तोंडून विणकामाचे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. येथे मोबाइल मुलाला घराबाहेर नेतो, माणसांशी बोलावयास लावतो. १९३७ साली वर्ध्याला टकलीकडून जी अपेक्षा होती, ती खाप्याच्या मागाकडून आणि मोबाइलकडून मिळून पुरी होऊ शकते.

सुवर्णमहोत्सवाचा संकल्प

आता प्रश्न उरतो तो दात्यांचा. जैन समाजाला दानाची थोर परंपरा आहे आणि शास्त्रदानास, म्हणजेच ज्ञानदानास, तीत मानाचे स्थान आहे. महोत्सवानिमित्त शाळेस एखादा मोठा स्मार्ट बोर्ड देऊन त्यावर नामफलक लावणे सोपे आहे. छायाचित्र चांगले येते. परंतु पाच वर्षांनी तो बंद पडला तर दुरुस्तीस पैसे कोण देणार? दाता विचारीत नाही आणि शाळा मागत नाही. म्हणून पुढील काही गोष्टींचा ट्रस्टने विचार करावा.

पहिली गोष्ट, साधने शाळेस बक्षीस न देता ट्रस्टच्या मालकीची ठेवून ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे शाळांना वापरावयास द्यावीत. मग ती शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात चढणार नाहीत आणि मुख्याध्यापकांच्या मनावरचे ओझे उतरेल. गावातील सर्व शाळांना, मग त्या नगरपरिषदेच्या असोत, जिल्हा परिषदेच्या असोत वा खासगी, ही सोय सारखीच असावी.

दुसरी गोष्ट, ट्रस्टने फुटतुटीची एक वही ठेवावी आणि तिच्यातील नोंदीस दोष मानू नये. वर्षअखेरीस ज्या पेटीतील एकही वस्तू झिजली नाही, त्या पेटीबद्दल आपुलकीने विचारणा व्हावी. दहा रुपयांची वस्तू घ्यावयाची तर दोन रुपये तिच्या दुरुस्तीसाठी आधीच बाजूला ठेवावेत. दुरुस्तीच्या निधीवर नामफलक लागत नाही, पण प्रत्यक्षात तोच निधी साधनाला जिवंत ठेवतो.

तिसरी गोष्ट, एक मोठे यंत्र घेण्याऐवजी चार मुलांमागे एक अशा लहान लहान पेट्या कराव्यात. तराजू, भिंग, चुंबक, मोजपट्टी, आरसा, तारा, छोटा दिवा एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. प्रत्येक गटात पेटी हाताळण्याची पाळी दररोज बदलावी, म्हणजे मागच्या बाकावरील मुलीचीही पाळी नेमाने येईल. ज्या घरी फोन नाही, त्या मुलांसाठी सायंकाळी एखाद्या खोलीत काही टॅब आणि देखरेख करणारी एखादी जाणती व्यक्ती असावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षकांची आहे. महिन्यातून एकदा गावातील शिक्षकांनी एकत्र बसून एक प्रयोग स्वतःच्या हातांनी करावा, तो कोठे फसतो ते पाहावे, मुलांना तो कोणत्या शब्दांत सांगावा यावर बोलावे. चहा आणि सामग्री ट्रस्टची असावी. या बैठकीत विणकर, सुतार, खाणीत काम केलेली माणसे, नर्सबाई यांनाही पाहुणे म्हणून बोलवावे. यंत्रावर झालेला खर्च काही वर्षांत संपतो, शिक्षकावर झालेला खर्च त्याच्या निवृत्तीपर्यंत उपयोगी पडतो.

समाजातील वडीलधाऱ्यांनी यासाठी द्यावयाचे दान पैशाचेच असावे असे नाही. दुकानातील जुना तराजू, बंद पडलेले घड्याळ, कापडाचे तुकडे, रिकाम्या बाटल्या ही उत्तम देणगी ठरू शकते. ज्यांनी आयुष्यभर तराजू हाती धरला, त्यांनी महिन्यातून एक तास शाळेत येऊन मुलांना माप आणि प्रामाणिकपणा हे दोन्ही शिकवावे.

वर्ध्याच्या त्या विद्यालयाच्या महोत्सवात मंडप कसा होता, भोजनात काय होते, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. तेथे मुलांच्या हाताविषयी विचार झाला, म्हणून तो महोत्सव इतिहासात राहिला. ट्रस्टच्या पुढील महोत्सवाच्या वेळी या गावातील एखाद्या मुलीने व्यासपीठावर येऊन काळ्या दगडाचे वजन करून दाखवावे, आपला प्रयोग आपल्या शब्दांत सांगावा, आणि तिच्या हातातील भिंगावर असंख्य बोटांचे ठसे व ओरखडे असावेत. ते ओरखडे म्हणजे दात्यांच्या दानाची पावती होय. कपाटांची कुलपे उघडण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.